ओट्याची उंची

तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी सकाळी मी दोह्यातल्या, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या फरशीवर, निळ्या चिकटपट्टीने नाशिकचं स्वयंपाकघर आखलं. अगदी खऱ्या मापाचं. सोफा भिंतीला ढकलला, टीपॉय गॅलरीत ठेवला, आणि इथे ओटा, इथे सिंक, इथे फ्रिज असं करत गुडघ्यांवर रांगत फिरले. नवरा चहाचा कप हातात घेऊन उभा होता. मुलगी खोलीतून बाहेर आली ती सरळ पट्टी ओलांडून सोफ्याकडे निघाली, तर मी तिला म्हटलं, भिंतीतून कुठे चाललीस, दारातून ये. तिने इंग्रजीत विचारलं की हे घर कोणाचं आहे. मी म्हटलं, आजीचं. आणि आपलं.

हे 'आणि आपलं' माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की त्यात काही खोट आहे असं मला वाटलंसुद्धा नाही.

माझं कामच ते आहे. दोह्यात स्वयंपाकघरं बनवणाऱ्या एका कंपनीत मी बारा वर्षं ड्रॉइंग करते. लोकांच्या घरी जायचं, मापं घ्यायची, आराखडा करायचा, आणि सहा महिन्यांनी त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. तक्रारी सगळीकडे सारख्याच असतात. मिक्सर जिथे ठेवतो तिथे प्लग नाही. कोपऱ्यातल्या कपाटात गेलेला डबा परत सापडत नाही. काळा ग्रॅनाइट फोटोत छान दिसला, घरी त्यावर पाण्याचा थेंबन् थेंब दिसतो. वरच्या फळीला कोणाचाच हात पोचत नाही. माणसं आयुष्यात एकदा स्वयंपाकघर नवं करतात आणि पुढची वीस वर्षं एकाच गोष्टीवरून चडफडत राहतात. मला त्यांचा राग यायचा. आधी विचारलं तेव्हा नीट सांगितलं असतं तर, असं मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवायची.

माझा स्वतःचा एक नियम होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला अनवाणी उभं करायचं, हात कोपरात वाकवायला सांगायचं, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं. त्यातून पाच इंच वजा केले की ओट्याची उंची मिळते. कंपनीच्या कागदावर सगळं मिलिमीटरमध्ये असलं तरी हा हिशेब माझ्या डोक्यात इंचातच चालतो. मालकाची उंची घ्यायची नाही, घर कोणाच्या नावावर आहे ते बघायचं नाही. जो पोळ्या लाटतो त्याचं कोपर.

दोह्याच्याच अल हिलाल भागात एका व्हिलात या नियमावरून गंमत झाली होती. तिथल्या व्हिलांमध्ये बहुतेक दोन स्वयंपाकघरं असतात. एक आतलं, चकाचक, पाहुण्यांना दाखवायचं. दुसरं मागच्या अंगणात, जिथे खरं तळण-भाजण होतं. त्या घरच्या बाईंना मागचं नवं करायचं होतं. मी टेप काढली तशा त्या स्वतःच ताठ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, तुमचं नको, जी स्वयंपाक करते तिला बोलवा. श्रीलंकेची एक बुटकीशी बाई हात पुसत आली आणि घाबरून भिंतीला टेकली. मालकीण हसून म्हणाल्या की ही आणखी वर्षभराने जाईल, ओटा मात्र राहील, माझंच माप घे. मी ऐकलं नाही. वर्षभर का होईना, पाठ तिची दुखणार आहे, असं मी ठणकावून सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, खलास, संपला वाद, तुझंच खरं. ही गोष्ट मी ऑफिसात नव्या मुलींना कितीदा सांगितली असेल. आता सांगत नाही.

नाशिकला सासूबाई एकट्या राहतात. सासरे गेल्यापासून आठ वर्षं. तिसरा मजला, लिफ्ट आहे, शेजार चांगला आहे. नणंद पुण्याला असते, ती कितीदा म्हणाली, माझ्याकडे चल. सासूबाईंचं एकच उत्तर असायचं. जोवर माझं मी करून खातेय तोवर मी माझ्या घरात राहणार. त्यांचं सगळं स्वातंत्र्य त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचं जुनं स्वयंपाकघर म्हणजे कडप्प्याचा बुटका ओटा, उघड्या फळ्या, फळ्यांवर ओळीने स्टीलचे डबे, आणि मागच्या गॅलरीच्या दाराजवळ हातभर मोकळी फरशी. तिथे पाट टाकून त्या विळीवर भाजी चिरायच्या. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी खाली बसू नका सांगितलं होतं. त्या हो म्हणून घरी येऊन पुन्हा तिथेच बसायच्या. ओटा सासऱ्यांनी उभं राहून करून घेतला होता म्हणे. घर घेतलं तेव्हा त्यांनी गवंड्याला काय माप दिलं कोणास ठाऊक, पण मला मात्र त्या ओट्याशी उभं राहिलं की अर्ध्या तासात कंबर धरायची. मी पाच फूट सहा इंच, सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट. दर सुट्टीत पोळ्या करताना मी मनातल्या मनात त्या ओट्याला शिव्या घालायची.

स्वयंपाकघर नवं करायचं आम्ही ठरवलं ते आईंच्या सोयीसाठी. सगळ्यांना तसंच सांगितलं. स्वतःलाही तसंच सांगितलं. पण नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी संपणार होतं आणि मग आम्ही कायमचे नाशिकला जाणार होतो. इथल्या प्रत्येक मराठी घरात ही 'दोन वर्षं' असतात. आमच्या घरात ती तेव्हा सोळा वर्षं चालली होती. तरी मी प्रत्येक वेळी मनापासून विश्वास ठेवायची. त्या निळ्या पट्ट्यांमध्ये उभी राहून मी हवेत पोळ्या लाटून बघितल्या, हात वर करून कपाटाची उंची ठरवली. नाशिकच्या सुताराला ओट्याची उंची कळवली छत्तीस इंच. ते माझ्या कोपरातून पाच इंच वजा करून आलेलं माप होतं. ज्या बाईने परक्या घरात भांडून स्वयंपाकिणीचं माप घेतलं, तिने स्वतःच्या घरी सासूचं माप घेतलं नाही. घ्यायचं राहून गेलं असंही म्हणवत नाही. मला आठवण झाली होती. व्हिडिओ कॉलवर आईंना टेपचं एक टोक धरायला सांगितलं होतं, जुन्या ओट्याचं माप घ्यायला. त्यांनी वाकून टोक जमिनीला लावलं, सुताराने आकडा वाचला, मी तो ड्रॉइंगवर लिहिला आणि त्याच्यापुढे लाल पेनाने 'काढायचा' असं लिहिलं. त्याच क्षणी म्हणता आलं असतं, आई, जरा सरळ उभ्या राहा. म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर जो आकडा आला असता तो मला नको होता.

त्या सगळ्या कॉलमध्ये आईंनी एकच मागणी केली. म्हणाल्या, बाकी तुला हवं तसं कर, तुझं कामच आहे ते, पण गॅलरीच्या दाराजवळची जागा तेवढी मोकळी ठेव. मी म्हटलं, आई, तुम्हाला आता खाली बसायचंच नाहीये, म्हणून तर हा सगळा खटाटोप. त्यांनी मुलीची परीक्षा कधी ते विचारलं. मला वाटलं, पटलं. त्या जागेवर मी छतापर्यंत उंच कपाट बसवलं.

जुलैत शाळांना सुट्टी लागली तसे आम्ही गेलो. काम संपत आलं होतं. आठवडाभराने सगळं पुसून-धुऊन झाल्यावर आईंनी नव्या शेगडीला हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घालवलं. शेजारणी बघायला आल्या, कपाटं उघडून मिटून पाहिली, सून असावी तर अशी म्हणाल्या. मी फुगले. आणि तेव्हाच, मागच्या बर्नरवर पातेलं ठेवताना, आईंच्या टाचा उचललेल्या मला दिसल्या. खोटं कशाला बोलू, दिसल्या. हात खांद्यापर्यंत वर, चेहरा वाफेजवळ. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक बुटका लाकडी चौरंग आणला आणि म्हटलं, यावर उभं राहायचं, झालं. गुडघे दुखतात म्हणून जिला खाली बसू दिलं नाही, तिला मी दिवसातून वीस वेळा चौरंगावर चढउतार करायला सांगितलं. आई म्हणाल्या, बरं.

पुढची दीड-पावणेदोन वर्षं मी खुशीत होते. व्हिडिओ कॉलवर मागे स्वयंपाकघर दिसायचं, कायम लखलखीत. ओट्यावर कण नाही. मी नवऱ्याला म्हणायची, बघ, नवं मिळालं की माणूस कसं जपतं. ऑफिसात फोटो दाखवायची. मधल्या सुट्टीतही गेलो, पण तेव्हा मीच ओट्याशी उभी होते, आई मला पोळ्यांपलीकडे काही करू देत नाहीत अशी माझी नेहमीची तक्रार होती आणि त्या वेळी मात्र त्यांनी सगळं मला करू दिलं. मला त्याचंही कौतुकच वाटलं. ज्या बाईला बारा वर्षांचा अनुभव आहे, वापरलेलं आणि न वापरलेलं स्वयंपाकघर जिला दारातून कळतं, तिला आपल्याच घरातलं कळू नये. डोळे फुटले होते, दुसरं काय.

गेल्या डिसेंबरात नवरा आईंना इकडे आणायला गेला. त्या एकट्या विमानाने येत नाहीत. न सांगता दोन दिवस आधी पोचला आणि तिथून त्याचा मला फोन आला. 

"अगं, तिने आपला ओटा वापरलाच नाहीये," तो म्हणाला.

मागच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली, जमिनीवर एक छोटी शेगडी होती. शेजारी पाट, विळी, तिखटमिठाचा डबा, दोन पातेली. वारा लागू नये म्हणून कठड्याला जुनी चादर बांधलेली. आईंच्या मनगटाच्या वर भाजल्याचा डाग होता, एक महिन्यापूर्वीचा. वाऱ्याने जाळ फिरला, एवढंच त्या म्हणाल्या. आत माझ्या उंच कपाटांच्या दारांवर ओरखडे पडू नयेत म्हणून नव्याला चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म अजून तशीच होती. अल हिलालच्या व्हिलासारखी माझ्या सासूनेही दोन स्वयंपाकघरं केली होती, एक दाखवायचं आणि एक करायचं.

नवरा हादरला होता. असं उघड्यावर शेगडी पेटवत राहिली तर एक दिवस साडी पेटेल, म्हणाला. नणंदेशी बोलून त्याने ठरवूनच टाकलं की इथून परत गेल्यावर आई पुण्यालाच राहतील, नाशिकचं घर बंद. आईंना अजून सांगितलं नव्हतं. शिवाय आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. नोव्हेंबरातच त्याचं कॉन्ट्रॅक्ट आणखी तीन वर्षांनी वाढलं होतं. दोन्ही गोष्टी मी सांगतो, योग्य वेळ बघून, असं तो रोज म्हणायचा आणि रोज कामावर जायचा.

आई आल्या त्या विळी घेऊन. बॅगेत, दोन साड्यांमध्ये गुंडाळून. मी कपाळावर हात मारला. दोह्याच्या सुपरमार्केटात चिरलेली भाजी मिळते, सुऱ्या घरात सहा आहेत. पण त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ठाण मांडलं. आमचं इथलं स्वयंपाकघर भाड्याच्या घरातलं, बोळासारखं, दोन माणसं उभी राहिली तर तिसरं मावत नाही. म्हणून त्या दारातच घोंगडी टाकून बसायच्या, पाय पॅसेजमध्ये. गुडघे दुखायचे, उठताना दाराची चौकट धरायला लागायची, पण बसायच्या. मी ऑफिसातून येऊन ओट्याशी उभी राहिले की खालून कांदा यायचा, मग कोथिंबीर, मग निवडलेली मेथी. मी मागायच्या आत हातात. त्यांना ओलांडून जावं लागतं म्हणून मी दोनदा वैतागले. त्यांनी पाय आणखी जवळ घेतले.

पण डोक्यात माझं एकच चाललं होतं. घर बंद होता कामा नये. बिघडवलं मी आहे, तर नीटही मीच करायचं. ओट्याचा गॅसकडचा भाग कापून खाली उतरवता येईल, शेगडी बुटकी बसवता येईल, मग आईंना गॅलरीत बसायची गरज नाही आणि नवऱ्याला पुण्याचं काढायची गरज नाही. मी ड्रॉइंग उघडलं आणि उंचीच्या रकान्यावर अडले. आकडाच नव्हता माझ्याकडे.

शनिवारी दुपारी नवरा मुलीला क्लासला सोडायला गेला होता. आई दारात मेथी निवडत होत्या. मी ऑफिसची टेप घेऊन आले आणि म्हटलं, आई, जरा उभ्या राहा, तुमचं माप घ्यायचंय. त्यांना वाटलं ब्लाउजचं. मी सगळं सांगितलं. चुकले, हेही म्हटलं. ओटा माझ्या मापाचा केला, तुमच्या सोयीचं नाव पुढे करून. आता तो तुमच्या मापाचा करणार आहे.

त्या मेथीच्या काड्या बाजूला टाकत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. उलट मी काहीतरी वेड्यासारखं बोलतेय अशा समजुतीच्या सुरात म्हणाल्या,

"काही कापू-बिपू नको. तुझ्या मापाचा आहे ते मला पहिल्या दिवशीच कळलं. मग? यायचंच आहे ना तुम्हाला आता. म्हणून तर मी हात लावला नाही. तू येईपर्यंत नवा राहू दे म्हटलं."

 त्या पुढे म्हणाल्या,

"फक्त ती दाराजवळची जागा ठेवायची होतीस. तू उभी राहून पोळ्या करशील, मी खाली बसून भाजी चिरून देईन, असं मनात होतं माझ्या. इथे देते तशी."

दोन वर्षं मला वाटत होतं की ती जागा त्यांना हट्टाने, जुन्या सवयीने हवी होती. त्यांनी ती माझ्या शेजारी बसायला मागितली होती. आणि मी तिथे एक कपाट उभं केलं होतं, ज्यात आजवर कोणी काही ठेवलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. नवऱ्याची वाट बघायची नाही असं त्या क्षणी ठरलं. म्हटलं, आई, आम्ही येत नाही आहोत. त्याचं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षं वाढलंय. नोव्हेंबरातच. सांगायचा धीर झाला नाही. तो तुम्हाला पुण्याला ठेवायचं म्हणतोय. मला ते नकोय.

त्यांचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. एक जुडी होती, ती पूर्ण निवडून झाली. पानं चाळणीत, काड्या कागदात. कागदाची पुडी बांधली. तीन वर्षं, असं एकदा स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग मुलगी तोवर कितवीत जाईल ते विचारलं. मी सांगितलं. मला रडू येत होतं आणि मी ते गिळत होते, कारण रडायचा हक्क या खोलीत कोणाचा आहे ते मला कळत होतं.

त्या चौकट धरून उठल्या. थंडीची फरशी गार लागते म्हणून पायांत मोजे घालायच्या, ते वाकून एकेक करून काढले आणि नीट घडी घालून बाजूला ठेवले. पॅसेजच्या भिंतीला पाठ लावली. पाय जुळवले. हात कोपरात वाकवला, कोणी न सांगता. मनगटावरचा डाग वर आला.

"घे माप," त्या म्हणाल्या.

मी गुडघ्यांवर बसून टेपचं टोक त्यांच्या टाचेशी दाबलं. टाच जमिनीला पूर्ण टेकलेली होती. वर कोपरापाशी छत्तीस आले. माझा नवा ओटा जिथे संपत होता, बरोबर तिथे. त्यातून पाच गेले की एकतीस.

तो आकडा मला ओळखीचा वाटला. तशीच टेप हातात धरून मी लॅपटॉप उघडला आणि त्या जुन्या ड्रॉइंगचा स्कॅन काढला. सासऱ्यांनी करून घेतलेल्या कडप्प्याच्या ओट्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, उंची एकतीस इंच. पुढे लाल पेनाने, काढायचा.